अळीमिळी गुपचिळी

ससाबाईला घाबरायला कारण लागत नसे. कुकरची शिट्टी झाली की ती दचकायची. कुणी नुसतं "ऐका हो" म्हटलं, की आपलं काय चुकलं ते आधी शोधायला लागायची. हे नाव तिला पाळणाघराच्या मालकीणबाईंनी ठेवलं होतं. "पान पडलं तरी आभाळ पडलं म्हणून पळाल तुम्ही!" असं त्या म्हणायच्या, आणि ससाबाईही हसायची, कारण हसलं नाही तर त्यांना राग येईल ही आणखी एक भीती. पण पोरं सांभाळण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. पलीकडच्या खोलीतलं मूल झोपेत कुशीवर वळलं तरी हिला कळायचं. जिन्याच्या तोंडाशी असलेल्या बुटक्या दाराची कडी ती इतक्यांदा तपासायची, की कडीच बिचारी झिजली. भित्र्या बाईच्या हाती पोरं सुखरूप, असं मालकीणबाईंचं मत होतं. अहो, इथेच तर घोळ झाला!

पाळणाघर म्हणजे शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या. खाली दिवसभर शिलाईची मशिनं घरघरायची, वर त्याच घरघरीत पोरं झोपायची. फिनेलचा वास, पावडरीचा वास, दोरीवर ओळीने वाळत घातलेली दुपटी. आणि एक नियम. मुलाचं पहिलं पाऊल किंवा पहिला शब्द इथे झाला, तरी घरच्यांना सांगायचं नाही. "दिवसभर राबून येतात बिचाऱ्या," मालकीणबाई बजावायच्या. "घरी जे दिसेल ते त्यांचं पहिलं. आपण तोंडाला कुलूप लावायचं." नियम चांगलाच होता, कोण नाही म्हणेल? दोन दिवसांनी एखादी आई धावत यायची, "अहो, काल चालला हो!" आणि इथे सगळ्या जणी डोळे मोठे करून "अगबाई, खरंच?" म्हणायच्या. सगळ्यांचंच भागायचं.

तर या पाळणाघरात आली गोटी. गोल, टकली आणि कपाळाला सदा आठी. बाप बोटीवर, वर्षातून एकदा उगवणारा. आई एका कंपनीत फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकणारी. पहिल्या दिवसांत गोटीने रडून घर डोक्यावर घेतलं. मग एका दुपारी ससाबाईच्या खांद्यात नाक खुपसून झोपली, जाग आल्यावर बाई तीच आहे ना ते पाहिलं आणि पुन्हा झोपली. तिथपासून दोघींचं जमलं ते जमलंच. ससाबाई कपड्यांच्या घड्या घालायला बसली की गोटी तिला चिकटून बसायची. मग रांगत खिडकीपर्यंत जायची आणि मागे वळून बघायची. बाई आहे? आहे. मग आणखी पुढे, कपाटापर्यंत. बाई मोरीत गेली की खेळ ठप्प, ठोकळा धरलेला हात तिथल्या तिथे. बाई परतली की खेळ पुढे चालू. चालायला ती अशीच शिकली, आणि बोलायलाही. "दिवा", "काऊ", "नको". नको तर उठता-बसता!

एका दुपारी भात भरवताना तिने ससाबाईच्या तोंडाकडे पाहिलं आणि स्वच्छ म्हणाली, "आई."

ससाबाईच्या हातातला चमचा खाली पडला. आनंद झाला तिला, खोटं कशाला बोला, पदरी मूल नसलेली बाई ती. पण आनंदाच्या पुढे भीती धावत आली. तिच्या आधीच्या आयाला एक पोर असंच आई म्हणालं होतं. पोराच्या आईने दारात ऐकलं, आणि दुसऱ्या दिवसापासून ती आया कुणाला दिसली नाही. आता गोटी संध्याकाळी आईच्या देखत म्हणाली तर? नोकरी जाईल, आणि नोकरीबरोबर गोटीही.

मग तिने एक खेळ काढला. संध्याकाळी जिन्यावर गोटीच्या आईच्या टाचा वाजल्या, की ससाबाई ओठांवर बोट ठेवायची आणि पोरीच्या कानात म्हणायची, "अळीमिळी गुपचिळी!" गोटीही आपलं बोट ओठांवर ठेवायची. रोज हेच. ससाबाईची छाती त्या वेळी धडधडत असायची, आणि गोटीचा गाल त्याच छातीला लागलेला असायचा. पोरं काय नुसते शब्दच शिकतात? थोड्याच दिवसांत बोट ठेवायची गरज उरली नाही. टाचा वाजल्या की पोरगी दगड. "शहाणी गं माझी," ससाबाई म्हणायची. वेडी बाई!

थंडी सरली, ऊन तापायला लागलं, तरी "बोलली हो" अशी बातमी गोटीच्या घरून येईना. बोलेल, घाई काय, अशी ससाबाईने मनाची समजूत घातली. गोटीची आई मात्र दिवसेंदिवस वाळत चालली. एका संध्याकाळी ती पोरीला न्यायला आली ती दारातच बसली.

"मावशी, इथे काही बोलते का हो ही?"

ससाबाईने बुटक्या दाराची कडी तपासली. "छे. अजून नाही," ती म्हणाली.

"डॉक्टर म्हणाले, कान ठीक आहेत, पण वाढ मागे दिसते. माझ्या ताईच्या गावाला अशा मुलांची शाळा आहे. ताई ठेवून घेते म्हणाली. मला नोकरी सोडता येत नाही, महिन्यातून एकदा जाऊन येईन. या रविवारी पोचवतेय." तिने नाक ओढलं. "रोज रात्री पुढ्यात घेऊन बसते हिला. आई म्हण, राणी, आई म्हण. तर काय करते माहितेय? ओठ घट्ट मिटून वर बोट ठेवते. मी हिला आवडतच नाही का हो?"

ससाबाईला आता कुठे कळलं. आई नेमका तोच शब्द मागत होती, आणि पोरीने तोच शब्द तिच्यापुढे गिळायला शिकून घेतला होता. शिकवणारी कोण, तर जिच्यावर पोरीचा सगळा भरवसा. करायला गेलो काय आणि झालं काय! गोटीचं डोकं मुळीच कमी नव्हतं. उलट सांगितलेला धडा तिने एकदाही चुकवला नव्हता.

घरी जाताना ससाबाईला आपलंच लहानपण आठवलं. गोटीएवढी असतानाच तिलाही मामाकडे पोचवलं होतं. मामी वाईट नव्हती, वेळेवर जेवायला घालायची, पण रडत जवळ जावं असं त्या घरात कुणी नव्हतं. वर्षभर ही पोर एक शब्द बोलली नाही, असं लोक सांगायचे. पुढे शाळेत बाई प्रश्न विचारायच्या, हिला उत्तर यायचं, पण तोंड उघडायचं नाही. ढ म्हणून मागच्या बाकावर बसवली, आणि मग ती खरोखरच ढ राहिली. आता गोटी त्याच वाटेने निघाली होती, आणि तिला त्या वाटेला लावणारी ही!

सांगायला हवं. पण सांगायचं कोणत्या तोंडाने? आज सांगू, उद्या सांगू करत शनिवार उजाडला. संध्याकाळी गोटीची आई रिकामी पिशवी घेऊन आली आणि पोरीची चादर, बाटली, टोपडं भरायला लागली. ससाबाईच्या कडेवर गोटी, ओठ मिटलेले, डोळे जमिनीकडे. मालकीणबाई कपाटाशी उभ्या होत्या.

"बोलते ती," ससाबाई म्हणाली.

"काय म्हणालात?"

"बोलते हो ताई, सगळं बोलते. दिवा म्हणते, काऊ म्हणते. तुमच्यापुढे बोलायचं नाही, हे मीच शिकवलं तिला. मी घाबरले होते."

"कशाला?"

"ती मला आई म्हणते."

गोटीच्या आईच्या तोंडाचा रंगच उडाला. तिने पिशवी तिथेच टाकली, ससाबाईच्या कडेवरून पोरीला ओढून घेतलं आणि बुटकं दार ढकलून जिना उतरायला लागली. मालकीणबाईंनी कपाळावर हात मारला. "अहो ससाबाई, पहिला शब्द सांगू नका म्हटलं होतं मी! बोलू देऊ नका म्हटलं होतं का?"

ससाबाईला ते ऐकू गेलं नाही. जिन्यातून किंकाळी आली. "आई! नको! आई! आई!" एवढ्याशा पोरीला एवढ्या मोठ्याने बोलताना पाळणाघरातही कुणी ऐकलं नव्हतं. खालची मशिनं थांबली. टाचाही थांबल्या. आणि मग त्या परत वर येऊ लागल्या. आता ही माझ्या थोबाडीत मारणार, ससाबाईला वाटलं. मारू दे. ती दाराची कडी घट्ट धरून उभी राहिली.

गोटीची आई दारात आली. तोंड रडून भिजलेलं, आणि ती हसत होती.

"ऐकलंत? बोलली! ऐकलंत ना तुम्ही?"

"मला हाक मारली हो तिने, ताई..." ससाबाई चाचरली.

"कुणाला का मारेना! आवाज आहे हिला! शब्द आहे!" ती तशीच सतरंजीवर बसली. "मला वाटलं होतं, माझ्या पोरीच्या आत काही नाहीच."

गोटी तिच्या मांडीवरून सुटून ससाबाईकडे धावली आणि तिच्या गुडघ्याला बिलगली. ससाबाईला पळून जावंसं वाटत होतं, पण ती खाली बसली, गोटीच्या आईच्या अगदी शेजारी, खांद्याला खांदा लागेल अशी. आजवर तिच्या इतक्या जवळ ती कधी गेली नव्हती. तिने त्या बाईचा हात हातात घेतला. "बोल गं गोटे, हिच्याशी बोल. ही आपलीच आहे," ती म्हणाली. गोटीने आधी ससाबाईच्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं, मग त्या धरलेल्या हातांकडे. मग पुढे झाली आणि आईच्या गालावर बोट टेकवून म्हणाली, "पाणी."

"हो राणी, पाणी. पाणीच ते," आई म्हणाली, आणि ते पाणी आणखीच वाहायला लागलं.

बऱ्याच वेळाने तिने डोळे पुसले. "उद्या नाही पाठवत हिला. आता रोज तासभर लवकर निघून इथे येऊन बसेन, ऑफिसला काय म्हणायचं ते म्हणू दे. पण मावशी, मी इथे या दारात बसून तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही नाही म्हणालात. हे मी विसरायची नाही."

"नका विसरू, ताई," ससाबाई म्हणाली.