ओट्यावरची होड्यांची शर्यत

काल पाणी-मोर्चाशेजारी टँकर थांबला. ओल्या रबरी पाइपाच्या वासानं मला गावचा एक दिवस आठवला.

लहानपणी, ऐन दुष्काळात, तेरणाकाठच्या आमच्या गावी सरपंचानं टीव्ही आपल्या घराच्या ओट्यावर आणला होता. का, तर टँकरच्या रांगेतल्या बायांनी भांडू नये! विलायतेतल्या दोन विद्यापीठांची होड्यांची शर्यत थेट चालू होती. तुडुंब नदीत प्रत्येक होडीतली आठ पोरं उलटी बसून वल्हवत होती, नववा नुसता ओरडत होता.

"त्यो वरडणारा आपला सरपंच गं!" शेजारची शांताकाकू म्हणाली. सगळ्या लई हसल्या.

तेवढ्यात घरामागं टँकर सरपंचाच्या हौदात रिकामा झाला. आम्हाला तळाचा गाळ मिळाला. वर तो निर्लज्ज माणूस हात पुसत आईला विचारतो, "काय वैनी, कोण जिंकलं?"

"तुमीच की, भावजी."