हिमकड्याची नागपुरी तयारी

बर्फ न पाहता बर्फाचे किती किस्से जमतात, ते आमच्या गिर्यारोहण क्लबला विचारा! मनालीच्या कॅम्पला निघालेल्या आम्ही कॉलेजच्या आठ पोरी. अंगावर हिमकडा कोसळला तर काय करायचं, हे शिकवायला ढोबळे सर. सरांनी बर्फ पाहिला होता तो फक्त उसाच्या रसात! कॅम्पच्या फॉर्मवर पालकाची सही हवी होती आणि माझे बाबा पेनाला हात लावत नव्हते. "बर्फात गडप झाली तर कोण काढन वं तुले?" सकाळ-संध्याकाळ हा एकच प्रश्न.

*

सरांचा पहिला धडा: धोक्याचा उतार एकेकीने ओलांडायचा. एक पार झाली की मगच दुसरी. म्हणजे कडा कोसळलाच तर एकच सापडते आणि बाकीच्या तिला शोधतात. नागपुरातल्या सेमिनरी हिल्सच्या टेकडीवर सराव सुरू झाला. वाटेत एक आजोबा बसले होते. त्यांनी पहिलीला विचारलं, "भांडण झालं का वं मैत्रिणींशी?" दुसरीलाही तेच. तिसरीची समजूत काढली. आठवी पोचेपर्यंत त्यांनी समेटासाठी सगळ्यांना रविवारी घरी जेवायला बोलावलं होतं!

*

मग लाल दोरी आली. पन्नास फूट दोरी कमरेला बांधून मागे सोडायची. माणूस गाडला गेला तरी टोक वर राहतं. आमचं घर विणकरांचं, लाल सुताला काय तोटा! मी आमच्या गल्लीत ऐटीत चालून पाहिलं. कोपऱ्यावर वळले, तर आत्या अगदी पाठीशी उभी. सगळं सूत तिने गुंडाळत आणलं होतं!

"सूत मातीत लोळवून राहिली? लाज नाही वाटत तुले?"

*

गाडलं गेलं की वर कुठे, खाली कुठे कळत नाही. तेव्हा थुंकायचं, थुंकी ओघळेल ती खालची बाजू, उकरायचं उलटीकडे. हे घरी सांगितलं तर काका तोंडातला तंबाखूचा खर्रा सांभाळत म्हणाले, "मंग मलेच पाठवा ना! माझी तीस वर्षांची प्रॅक्टिस आहे."

*

शेवटी मी वैतागले. "कोण काढेल ते दाखवतेच. गाडा मला!"

काटोलला एका मैत्रिणीच्या वडिलांचं जिनिंग होतं, आवारात कापसाचे उंच ढीग. सगळं घर, क्लबच्या पोरी आणि सरही बसने तिथे पोचले. ऐन वेळी बाबा म्हणाले, "तुले काहून? मलेच गाड."

तोंडासमोर हात धरून श्वासापुरती जागा ठेवा, एवढं सांगून त्यांना गाडलं. आम्ही पोरी काठ्यांनी हळूहळू चाचपडायला लागलो, तोच काका, आत्या आणि सर ढिगावर चढून सल्ले देऊ लागले. "इकडे पाहा!" "नाही, तिकडे!"

मी किंचाळले, "तुम्ही माझ्या बापाच्या उरावर उभे आहात! उतरा खाली!"

जन्मात पहिल्यांदा वडीलधाऱ्यांनी माझं ऐकलं. चार मिनिटांत बाबा सापडले. मिशीला कापूस, डोळे मिटलेले. मी त्यांचे खांदे गदागदा हलवले.

"बाबा!"

त्यांनी एक डोळा उघडला. "इतक्यात काढलं काहून वं? किती शांत वाटून राहिलं होतं!"

कापूस झटकून त्यांनी फॉर्म मागितला, उमेदवाराच्या रकान्यात स्वतःची सही ठोकली आणि पेन माझ्या हातात दिलं.

"पालकाच्या जागी तू कर."