पुलापलीकडचा डॉक्टर

“मग पाण्याला सांगू का, डॉक्टर घरी नाहीत, सवडीने ये म्हणून?” वैजयंतीने गुंडाळलेला गालिचा जिन्याच्या तोंडाशी आपटला.

“दर वर्षी तेच काय गं?” पद्माकर बॅगेत शर्ट भरत होता. “पूल बंद झाला की हॉस्पिटल पलीकडे एकटं पडतं. एक डॉक्टर तिकडे हवा की नको?”

“हवा ना. पण तो दर वर्षी तुम्हीच का?”

“दवाखान्यात मी ज्युनिअर पार्टनर आहे. सिंक्लेअर ठरवतो. आय कान्ट से नो.”

खिडकीशी बसलेल्या सुप्रभाबाईंनी, त्याच्या आईने, लगेच री ओढली. “त्याच्या हाती माणसांचे जीव असतात. तुझ्या गालिच्यांचं काय मेलं एवढं!”

वैजयंती सांगलीची. पूर तिला नवा नव्हता. पण तिकडचा पूर पावसातून येतो, त्याची चाहूल लागते. स्कॉटलंडच्या या टोकाला तो उन्हातून यायचा. मार्चमध्ये दोन दिवस छान ऊन पडलं की लोक हसायचे नाहीत, डोंगराकडे बघायचे. वरचं बर्फ वितळून काळपट पडायला लागलं की दारादारांत वाळूच्या पिशव्या दिसायच्या, आणि फ्रिज विटांवर चढायचा. मग पोलीस येऊन पूल बंद करायचे. तोवर पद्माकर पलीकडे पोचलेला असायचा.

पाणी घरात शिरायचं ते फरशीच्या फटींतून, चोरासारखं. सासूबाईंना काखेत धरून जिना चढवायचं, गाद्या ओढायच्या, देव वर न्यायचे, ते टॉयलेटशेजारच्या खोलीत ठेवले म्हणून बोलणी खायची. मग चिखल. मुलगा अजय ब्रिस्टलला शिकायला गेल्यापासून गादीचं दुसरं टोक धरायलाही कुणी उरलं नव्हतं. पाणी ओसरल्यावर पद्माकर परत यायचा, दाढी गुळगुळीत, इस्त्रीचा शर्ट, आणि विचारायचा, “अजून वास येतोय का गं?”

हा सगळा राग तिने सिंक्लेअरांवर धरला होता. तोंडाने ती काही बोलायची नाही. नवऱ्याच्या साहेबाच्या बायकोशी कसं भांडणार? पण दिवाळीत लाडू-चिवड्याचे डबे पोस्टमास्तरापासून शाळेतल्या बाईंपर्यंत सगळ्या गल्लीत जायचे, आणि सिंक्लेअरांचं दार तेवढं वगळलं जायचं. सहा दिवाळ्या. आपण काय करतोय ते त्यांना कळत असणार, या खात्रीने तिला बरं वाटायचं.

आज सकाळी गावच्या हॉलमागे सगळ्या जणी पिशव्यांत वाळू भरत होत्या. जीन सिंक्लेअर मुद्दाम तिच्याशेजारी येऊन उभी राहिली.

“एकदा विचारतेच,” ती म्हणाली. “आमचं काय चुकलं? अख्ख्या गल्लीला तुमचे डबे जातात. आम्ही काय कुष्ठरोगी आहोत?”

वैजयंतीचा तोल गेला. “तुमचे डॉक्टर दर वर्षी माझ्या नवऱ्याला पलीकडे धाडतात आणि स्वतः घरी बसतात. वर लाडूही हवेत?”

जीनने फावडं वाळूत रोवलं. “इअन धाडतो? तो दर वर्षी म्हणतो, या खेपेला मी जातो. तुमचेच डॉक्टर ऐकत नाहीत. म्हणतात, माझ्या बायकोला सवय आहे. आमच्याकडच्या बायकांना पुराचं काही वाटत नाही.”

आजूबाजूची फावडी थांबली होती. कुणीतरी खोकलं. वैजयंतीने हातातली पिशवी भरली, तोंड बांधलं आणि ती तशीच टाकून सिंक्लेअरांच्या घराकडे चालू लागली.

“सिंक्लेअर ठरवतो म्हणालात ना?” आता तिने विचारलं. “सकाळी जीन भेटली होती.”

पद्माकरचा हात बॅगेतच राहिला. “तिचं काय ऐकतेस?”

“मग खोटं बोलली का ती?”

त्याने बॅगेची चेन ओढली. मग एकदम चिडला. “बरं, मागून घेतो मी! वर्षातले चार दिवस शांत झोप मिळते. इथे राहून मी काय उजेड पाडणार होतो? मला जमतं का हे ओढणं?”

“पुरुषाने काय गालिचे उचलायचे?” सुप्रभाबाई म्हणाल्या. “तुझ्या माहेरी उचलत असतील.”

“उचलायचे,” वैजयंती म्हणाली. “आता तुमच्याही घरी उचलतील.”

तिने खुंटीवरचा कोट घेतला. आवाज चढवला नाही.

“यंदा पलीकडे डॉक्टर सिंक्लेअर जातायत. मी त्यांना सांगून आले. त्यांच्या गाडीतून मी जाणार आहे, मेट्रनने नर्सेसच्या होस्टेलवर खोली दिलीय. तुम्ही इथे राहायचं. आईंना पाणी शिरायच्या आधी वर न्या, ओल्या जिन्यावर त्यांचा पाय ठरत नाही.”