खांब नंबर सतरा

रत्नागिरीत रस्त्याच्या खांबावर झळकायचं असेल तर माणसाकडे वाढदिवस असावा लागतो, पद असावं लागतं, किंवा पद मिळावं अशी तळमळ तरी असावी लागते. काशीराम शिवलकरकडे यातलं काहीच नव्हतं. वाढदिवस होता, पण तो एक जून, म्हणजे शाळेत नाव घालताना मास्तरांनी अंदाजाने दिलेला. त्यामुळे अडुसष्ट वर्षं तो खांबांखालून मुकाट चालत आला होता.

वीस वर्षं फौजेत काढून तो परत आला आणि पुढची बारा वर्षं एका बँकेच्या दारात दुनळी बंदूक घेऊन उभा राहिला. अर्धं शहर रोज त्याच्यासमोरून आत गेलं आणि बाहेर आलं. त्या बंदुकीला दोन नळ्या आहेत हे सगळ्यांना माहीत होतं. बंदुकीच्या मागे मिशी आहे की नाही, हे मात्र शपथेवर सांगणारा एकही खातेदार सापडला नसता. निवृत्तीनंतर तिथे दुसरा वॉचमन आला, तर मॅनेजरसाहेब त्याला दोन महिने काशीराम म्हणूनच हाक मारत होते.

अशा या काशीरामला जानेवारीच्या सुरुवातीला भास्करशेठचं बोलावणं आलं. भास्करशेठचं रंगाचं दुकान आणि निवडणुकीकडे डोळा. त्यांच्या अमेरिकेतल्या भाच्याने मोबाइलवर एक व्हिडिओ पाठवला होता. तिकडच्या एका गावात म्हणे दर खांबावर गावच्या जुन्या सैनिकाचा फोटो लावतात आणि खर्च गावातली माणसं उचलतात. तो पाहून शेठना भरून आलं. देशभक्ती दाटून आलीच, पण आपल्या प्रभागात किती खांब आहेत तेही त्यांनी लगेच मोजलं. तीस भरले. मग समिती झाली, ‘आपला वीर, आपला अभिमान’ असं नाव ठरलं आणि एकेका खांबाला एकेक सौजन्य मिळवण्यात आलं. सतरा नंबरचा खांब बाजाराच्या तोंडाशी आहे. तो एका चष्म्याच्या दुकानाने घेतला आणि तिथे काशीरामला लावायचं ठरलं.

दुकानाच्या माडीवर समितीने त्याची मुलाखत घेतली. कुठलं युद्ध, किती शत्रू मारले, गोळी कुठे लागली, असे प्रश्न छापील कागदावर होते. काशीराम बिचारा खरं बोलला. युद्ध नाही, शत्रू नाही, आणि भाजल्याचे डाग आहेत ते तेलाचे. मराठा पलटणीत तो आचारी होता. पाचशे माणसांच्या पोळ्या, डाळ, आणि बड्या खान्याला, म्हणजे पलटणीच्या मेजवानीला, मटण. फौजेत स्वयंपाकघराला लंगर म्हणतात आणि शेवटची सहा वर्षं तो त्या लंगराचा प्रमुख होता. लोक त्याला लंगर कमांडर म्हणत. हे सांगताना त्याची मान जरा ताठ झाली, कारण आयुष्यात मिळालेली ती एकच बढती होती.

लिहून घेणारे गृहस्थ मिऱ्याच्या बाजूचे होते, घरात तीन पिढ्या गलबतं आणि जहाजं. त्यांच्या लेखी लंगर एकच, जो पाण्यात टाकतात. त्यांनी मान डोलावली आणि लिहिलं, ‘नौदल. कमांडर.’ आचारी हा शब्द त्यांनी ऐकला नसावा, किंवा ऐकून विनय समजले असावेत. काशीरामने फोटो दिला, चहा घेतला आणि तो घरी आला.

फोटो एकच होता. बेळगावच्या एका स्टुडिओत काढलेला, त्यात दोघंजण. डावीकडे काशीराम, कान बाहेर आलेले, चेहरा नुकतीच शिक्षा मिळाल्यासारखा. उजवीकडे आत्माराम मयेकर, टोपी तिरकी, मिशी कोरलेली, जणू फोटोवाल्यालाच भरतीला घेऊन जाईल असा. दोघे आरे-वारेच्या रस्त्यावरच्या एकाच वाडीतले, एकाच दिवशी एकाच एसटीने भरतीला गेलेले. आत्माराम पलटणीची गाडी चालवायचा. पेन्शनीला तीन वर्षं राहिली असताना ईशान्येकडच्या जंगलात त्याला मलेरिया झाला, तो डोक्यात चढला आणि चार दिवसांत सगळं संपलं. त्याची काळी ट्रंक काशीरामने आगगाडीतून, मग एसटीतून आणि शेवटी डोक्यावरून वाडीत आणली होती. आत्मारामची बायको दमयंती तेव्हा सव्वीस वर्षांची होती. ती रडली नाही. तिने फक्त विचारलं की त्यांनी शेवटचं काय खाल्लं. काशीरामने सांगितलं, मी पेज केली होती, दोन चमचे घेतली. त्यानंतर छत्तीस वर्षांत दमयंतीने त्याला काहीच विचारलं नाही आणि काही मागितलंही नाही.

ती दर शनिवारी बाजारात माठ, मुळा आणि वालीच्या शेंगा घेऊन बसते. त्या शनिवारी काशीराम भाजी घ्यायला गेला तेव्हा खांबांवर नंबर रंगवायचं काम चाललं होतं. दमयंतीने जुडी पुढे केली आणि खाली बघतच विचारलं, "भावोजी, फौजेतल्या माणसांचे फोटो लावतायत म्हणे. ह्यांचा लागंल काय?"

काशीराम म्हणाला, विचारतो. हे एवढं बोलून त्याने स्वतःची झोप घालवून घेतली. बत्तीस वर्षं वर्दी घातलेल्या माणसाला दिलेला शब्द पाळायची खोड असते आणि या खोडीचं पुढाऱ्यांसमोर काही चालत नाही, हे त्याला सोमवारी माडीवर कळलं.

भास्करशेठ वाईट माणूस नव्हते. त्यांनी आस्थेने सगळं ऐकलं, दोनदा च्च च्च केलं, आणि मग फॉर्म दाखवला. फॉर्मवर रकाने दोन, शहीद आणि माजी सैनिक.

"काशीरामभाऊ, युद्धात गेला असता तर शहीदमध्ये बसवला असता. हा तापाने गेला. आणि माजी म्हणजे रिटायर झालेला. हा रिटायर झाला काय?"

"त्याच्या आधीच गेला ना, शेठ."

"तेच म्हणतोय मी. आजी नाही, माजी नाही, शहीद नाही. मी त्याला लावू कशात?"

काशीराम म्हणाला की मग माझ्या खांबावर लावा, मला नको. यावर शेठना खरोखर दुःख झालं. नावं छापायला गेली होती, आणि चष्मेवाल्याला नौदल आवडलं होतं. नौदल हा शब्द काशीरामच्या कानावरून गेला, पण त्या वेळी त्याचं लक्ष फॉर्मच्या दुसऱ्या रकान्यापुढच्या रेघेकडे होतं. तिसरा रकाना नव्हताच. जागा मात्र होती, आणि ती कोरी होती. याचा त्याला फार राग आला आणि तो राग नेहमीप्रमाणे त्याने जिन्याखाली चपला घालताना गिळला.

पुढच्या शनिवारी तो बाजारात गेलाच नाही. ज्या माणसाने पाचशे जणांना उपाशी ठेवलं नाही, तो एका बाईला नाही म्हणायच्या भीतीने आठवडाभर बिनभाजीचं जेवला.

वीस तारखेला सकाळी मोबाइल वाजला. भास्करशेठचा निरोप होता, सँपल पाठवलंय, बघून ओके कळवा. काशीरामने चष्मा लावला आणि चित्र उघडलं.

मागे समुद्र. समुद्रावर तोफांची भलीमोठी युद्धनौका. वर तिरंगा, त्याच्याशेजारी तिरंग्याहून किंचित मोठे भास्करशेठ, हात जोडलेले. खाली ‘कमांडर काशीराम शिवलकर, भारतीय नौदल’. त्याखाली चष्म्याच्या दुकानाचा पत्ता. आणि मधोमध तिरक्या टोपीत, कोरलेल्या मिशीत आत्माराम मयेकर.

फ्लेक्सवाल्यांनी जोडफोटोतला एक माणूस कापायचा म्हटल्यावर जो सैनिकासारखा दिसत होता तो ठेवला होता. यात त्यांची चूक म्हणता येत नव्हती. काशीराम बराच वेळ त्या चित्राकडे बघत राहिला. पायदळातला माणूस आरमाराच्या जहाजावर, आचारी कमांडर, आणि देशातली सगळी चुकीची माहिती गोळा करून छापलेल्या त्या चौकोनात तो एक चेहरा मात्र नेमका बरोबर जागी आला होता.

बायको लीला मागून डोकावली. तिला फोटो पाठ होता.

"अहो, हा आत्माराम हाय."

"हाय."

"मग फोन करा त्यांना. चुकलंय म्हणावं."

काशीरामने फोन केला नाही. तेव्हा लीला समोर येऊन बसली. फ्लेक्स बघायला दापोलीहून तिची बहीण यायची होती. तिने नवऱ्यासाठी शर्ट आणला होता. वीस वर्षं नवरा सीमेवर आणि ती शेतावर, हे तिने कधी बोलून दाखवलं नव्हतं. आता मात्र ती बोलली. "वीस वर्षं लोकांना जेवायला घातलंत, बारा वर्षं लोकांच्या पैशाला राखण बसलात. एकदा, फक्त एकदा तुमचं तोंड गावाला दिसणार होतं."

"माझं तोंड गावाने बारा वर्षं रोज बघितलंय," काशीराम म्हणाला. "त्याचं कोणी बघितलंच नाय."

मग त्याने एका बोटाने, अक्षर शोधत शोधत, ‘ओके’ लिहिलं आणि पाठवलं. लीला उठून आत गेली. दुपारी तिने त्याला वाढलं, पण ताटात लोणचं घातलं नाही.

सव्वीस जानेवारीला सोहळा झाला. तीसही वीरांना शाल आणि श्रीफळ मिळालं, आणि शेठचं भाषण मिळालं. खवळलेल्या दर्यात शत्रूच्या पाणबुड्यांना जेरीस आणणारा आपला काशीरामभाऊ, असं ते म्हणाले, तेव्हा उभ्या जन्मात भाट्याच्या समुद्रात गुडघ्यापलीकडे न गेलेल्या काशीरामने नमस्कार केला. त्याची खरी भीती वेगळी होती. तो स्वतःच्याच खांबाखाली उभा होता, वर दुसऱ्याचा चेहरा, आणि समोर दोनशे माणसं. आता कोणीतरी बोलेल म्हणून त्याने श्रीफळ हनुवटीपर्यंत वर धरलं होतं.

कोणी बोललं नाही. बँकेच्या जुन्या मॅनेजरसाहेबांनी वर पाहिलं, खाली पाहिलं आणि म्हणाले की डोळे अगदी तेच आहेत. चष्मेवाल्यांनी निरखून बघितलं आणि वयोमानाने माणूस बदलतोच असा निर्वाळा दिला. दापोलीची मेहुणी तर हळहळली, भावोजी तेव्हा किती देखणे होते, ताई, तू आम्हाला बोलली नाहीस कधी. लीलाने वर खांबाकडे पाहिलं. त्या क्षणी तिने एक शब्द काढला असता तर सगळं कोसळलं असतं. तिने पदर सारखा केला आणि म्हणाली, "हां, होते तसे."

शनिवारी काशीराम बाजारात गेला. दमयंती नेहमीच्या जागी नव्हती. ती टोपली घेऊन सतरा नंबरच्या खांबाखाली बसली होती आणि पुढे ठेवलेल्या माठाच्या जुड्यांवर पाणी मारत होती. काशीराम जवळ गेला.

"नाव तुमचं हाय," ती म्हणाली.

"छापणाऱ्याची चूक झाली, वहिनी."

दमयंतीने त्याच्याकडे पाहिलं. छापणाऱ्याने चूक केली की सुधारायचं असतं, एवढं तिलाही कळत होतं. तिने एक जुडी उचलून त्याच्या पिशवीत घातली आणि त्याने पैसे पुढे केले तर हात मागे घेतला.

फेब्रुवारीच्या मध्यात भास्करशेठचा वाढदिवस आला. शुक्रवारी सकाळी शिडी घेऊन दोन कामगार आले आणि तीसही खांबांवर शुभेच्छांचे बोर्ड बांधू लागले. वीरांचा अभिमान वीस दिवस बाळगून झाला होता. काशीराम दूध घेऊन चालला होता. सतराव्या खांबाला शिडी लागलेली आणि वरचा माणूस शेठना आत्मारामच्या तोंडावर धरून तार पिळतोय, हे त्याने पाहिलं. बत्तीस वर्षं लंगराबाहेर ज्याने फक्त हुकूम ऐकले होते, त्याच्या तोंडून एकदम पलटणीतला आवाज निघाला.

"बोर्ड खाली घे. तोंड झाकायचं नाय."

कामगार दचकून थांबला. खाली घेतला तर नाव जाईल, तो म्हणाला, शेठनी सांगितलंय नावं शक्यतो राखा. "आजोबा, नाव कोणाचं हाय हे?"

"कोणाचं का असंना. जाऊ दे."

बोर्ड दोन हात खाली आला. कमांडर गेला, नौदल गेलं, शिवलकर गेला, चष्म्याचं दुकानही गेलं. वर तिरक्या टोपीतला आत्माराम राहिला आणि त्याच्या छातीपासून खाली भास्करशेठ सुरू झाले.

दुसऱ्या दिवशी शनिवार. काशीराम पिशवी घेऊन उभा असताना एक बाई वालीच्या शेंगा निवडत होत्या. त्यांनी सहज वर बघितलं आणि विचारलं, हे वरचे कोण, शेठचे वडील का?

"नाय वो," दमयंती म्हणाली. "आमचे मालक. फौजेत होते."

बाईंनी पुन्हा वर पाहिलं, या वेळी नीट, आणि म्हणाल्या, छान होते दिसायला. दमयंतीने तराजू हातात धरला होता. तो तिने खाली ठेवला, पदराने तोंड पुसलं आणि पुन्हा उचलला. काशीरामने मुळ्याची एक जुडी घेतली आणि तो घराकडे निघाला. वाटेत बँकेसमोर मॅनेजरसाहेब भेटले. त्यांनी त्याला ओळखलं नाही.