कोणतं रिचमंड?

आमच्याकडे गावाचं नुसतं नाव सांगून भागत नाही. खामगावच्या स्टँडवर "पिंपळगावले जायचं हाये" म्हटलं की कंडक्टर खेकसतोच, "कोन्तं? राजा, का देवी, का काळे?" मी पिंपळगाव राजाची. सोयरिकीच्या बोलण्यातही पहिला प्रश्न हाच. न विचारता निघालेली एक वरात भलत्याच पिंपळगावात जाऊन पोहे खाऊन आली, असं आमच्यात अजून हसून सांगतात.

एवढी शहाणी मी! पण मुलगा अमेरिकेतून म्हणाला, "आई, मी आता रिचमंडले राह्यतो," तेव्हा कोणतं ते विचारायचं सुचलं नाही. इंग्रजी गाव म्हणजे एकच असणार, असं धरून चालले.

त्याचे बाबा गेल्यापासून घरात मी एकटीच. रविवारी सकाळी त्याचा फोन येतो. बोलावं काय? त्याचं काम मला कळत नाही, आमच्या तुरीवरची अळी त्याला नको असते. म्हणून मी मोबाईलवर रिचमंड टाकून तिथलं हवामान पाहू लागले. चला, विषय मिळाला.

"आज पाऊस हाये नं तिकडं? छत्री घेतली का?"

"हाव आई, घेतली."

तेवढ्यावर माझा आठवडा निघायचा.

एकदा तिथे वादळाचा इशारा आला. देवापुढचा दिवा विझू दिला नाही. रविवारी विचारलं तर म्हणाला, "लय वारा होता आई. आता थांबला." मी लगेच जाऊन मारुतीला नारळ फोडला.

परवा दुपारी करमेना, म्हणून त्या गावाचे फोटो शोधायला बसले. तर काय, रिचमंडच रिचमंड! एकट्या अमेरिकेतच कितीतरी, शिवाय इंग्लंडात, कॅनडात, ऑस्ट्रेलियात. कुण्या सरदाराची पदवी रिचमंड, कुणाचं आडनाव रिचमंड. अगं बाई, म्हणजे त्यांच्यातही राजा आणि देवी आहेतच की! मुलाने स्वेटर पाठवला होता, त्या खोक्यात मी पापड ठेवते. खोक्यावरचा त्याचा पत्ता वाचला. राज्य इंडियाना. मोबाईल इतके दिवस व्हर्जिनियातलं रिचमंड दाखवत होता.

आधी हसू फुटलं. कुण्या परक्या गावासाठी दिवा जाळत बसले होते मी! असो, तिथेही कुणाची लेकरं असतीलच. मग त्याचा तो "लय वारा" आठवला आणि हसू जागीच थांबलं.

या रविवारी त्याचं खरं गाव लावून बसले. तिथे शनिवारची रात्र होत आलेली, आणि दिवसभर लख्ख ऊन पडलेलं. फोन वाजला. वाटलं, सरळ विचारावं, काऊन बे, माझं ऐकतो तरी का तू? राग आला होता, आणि त्याहून जास्त एकटं वाटत होतं. पण हे विचारलं असतं तर पुढच्या रविवारी बोलायला काय उरलं असतं?

"आज पाऊस हाये नं तिकडं?" मी म्हटलं.

त्याच्या मागे टीव्ही चालू होता. "हाव आई, सकायपासून चालूच हाये."

"छत्री घेतली का?"

"घेतली नं."

"बरं केलं," मी म्हटलं. "भिजू नको."