घड्याळजींच्या मुंग्या जेवेनात

ती लोकांचे कपडे शिवायची, म्हणून सगळी गल्ली तिला टेलरबाई म्हणायची. तिचे सासरे जन्मभर घड्याळे दुरुस्त करत आले, म्हणून ते घड्याळजी. पुढच्या खोलीत खिडकीखाली तिचे शिलाई मशीन आणि समोरच्या भिंतीला त्यांचे टेबल.

सासूबाई गेल्या आणि त्या टेबलावरचे काम थांबले. घड्याळजी खुर्चीत येऊन बसायचे, पण तोंडातून शब्द निघेल तर शपथ. काही विचारले तर हूं, नाही विचारले तर तेही नाही.

मग एका सकाळी दाराच्या पायरीवर त्यांना पंख गळालेली एक मोठी मुंगी दिसली.

"सूनबाई, ही राणी आहे. हिला घर हवंय."

एवढे अख्खे बोलणे त्यांच्या तोंडून ऐकून टेलरबाईची कात्री कापडातच थांबली.

जुन्या घड्याळांच्या काचा जोडून त्यांनी राणीसाठी चपटे घर बनवले. तिथे तिने अंडी घातली, मुंग्या झाल्या, मुंग्या वाढल्या, आणि तशी तशी म्हाताऱ्याची वाचा परत आली. चहाला मुंग्या, जेवताना मुंग्या. टेलरबाईचा नवरा बस चालवून दमून यायचा आणि डोक्याला हात लावायचा. "आधी बाबा बोलत नव्हते म्हणून झोप लागायची नाही, आता बोलतात म्हणून लागत नाही." टेलरबाई मात्र देवापुढे हात जोडताना घरातल्या माणसांबरोबर मुंग्यांचेही नाव घ्यायची. मामंजींना कशाने बोलते केले, ते तिला पक्के ठाऊक होते.

तेवढ्यात घड्याळजींच्या डोळ्यांचे ऑपरेशन ठरले. काही दिवस दवाखान्यातच राहावे लागणार होते. निघताना त्यांनी सुनेला मुंग्यांपुढे उभे केले.

"साखरपाण्याचा एक थेंब घरातल्या या छोट्या झाकणावर ठेवायचा. उकडलेल्या अंड्याचा बलक मोहरीएवढा. जास्त नको, बुरशी येते. आणि राणीवर ओरडायचं नाही."

"ओरडायला ती काय माझी जाऊ आहे?"

काम सोपे होते. शिवता शिवता ती उठायची, साखरपाण्यात बोट बुडवायची, झाकणावर थेंब टेकवायची, चिमटीने बलक ठेवायची आणि पुन्हा मशीनवर बसायची. मुंग्या धावत यायच्या, थेंबाला मिशा लावायच्या आणि आल्या पावली मागे फिरायच्या. तिने साखर वाढवून पाहिली. मग मध दिला. मधाला तर त्या लांबूनच वळसा घालून गेल्या. हळूहळू त्यांची धावपळ मंदावली. राणी कोपऱ्यात निपचित बसून राहिली.

नवरा वाकून बघत म्हणाला, "तुझ्या हातचं आवडत नसेल त्यांना."

"तुमच्या बाबांनी आजवर कधी नाव ठेवलं नाही माझ्या हाताला!"

बोलली खरी, पण तिची नजर मामंजींच्या खुर्चीकडे गेली. राणी गेली तर खुर्ची तीच, भिंत तीच आणि मामंजींचे ते हूं. ती मुंग्यांकडे बघत मशीनवर पाय हलवत राहायची आणि शिवण भलतीकडेच जायची.

दवाखान्यात घड्याळजी डोळ्यांवर पट्टी घेऊन पडले होते. तिच्या चपलांचा आवाज ओळखून त्यांनी विचारले, "राणी काय म्हणते?"

"मजेत आहे. आज तर ताट चाटूनपुसून," ती म्हणाली आणि मनातल्या मनात देवाची माफी मागितली. मग संत्रे सोलून तिने एक फोड त्यांच्या तोंडात दिली.

म्हातारबुवांनी सावकाश चावली. "आज तेल जरा सढळ पडलंय."

"संत्र्यात कसलं तेल, मामंजी?"

"मशीनचं. तुझ्या बोटांना असतंच की."

"अगंबाई! इतकी वर्षं माझ्या हातचं जेवलात, कधी बोलला नाहीत?"

"बोलायचं काय त्यात? पोट कधी बिघडलं नाही. उलट सांधे जरा सैल राहिले."

शेजारच्या खाटेवरचा रोगी खो खो हसला. टेलरबाई मात्र हसली नाही. तिने आपले बोट नाकाशी नेले. तिला कसलाच वास आला नाही. येणार कसा? तिचे नाक त्या तेलातच मुरले होते.

"मामंजी, मी खोटं बोलले. तुम्ही इथे आलात तेव्हापासून मुंग्यांनी काही खाल्लेलं नाही. मी या तेलाच्याच बोटाने थेंब ठेवत होते."

पट्टीखाली घड्याळजींचा चेहरा कसा झाला आहे ते कळेना. ती पदराचे टोक पिळत उभी राहिली. आणि मग ते एकदम उठून बसले.

"अगं मग इथे संत्री काय सोलतेस? पळ घरी! कोरी सुई घे, गरम पाण्यात बुडव. हाताला साबण लावू नकोस, त्याचाही वास येतो त्यांना!"

"आजोबा, आडवे व्हा!" नर्स ओरडली.

"माझी माणसं उपाशी आहेत, बाई!"

टेलरबाई जवळजवळ धावतच घरी आली. पुडीतली कोरी सुई चिमट्याने काढली, गरम पाण्यातून काढली, साखरपाण्यात बुडवून टोकावरचा थेंब झाकणावर सोडला. एक मुंगी रखडत रखडत आली. मिशा लावल्या. थांबली. आणि तोंड खुपसून प्यायला लागली. तिचे पोट फुगून मण्यासारखे चकाकले. ती परत फिरली, वाटेत भेटेल तिच्या तोंडाला तोंड लावून घास देत राहिली, आणि असा हातोहात तो थेंब कोपऱ्यात राणीपर्यंत पोचला. राणीने मान हलवली.

"देवा रे," टेलरबाई म्हणाली. आणि तिने तिथेच हात जोडले.

घड्याळजी काळा चष्मा लावून घरी आले. वाकायचे नाही, बारीक काही बघायचे नाही, अशी सक्त ताकीद होती. ते मुंग्यांशेजारी खुर्ची ओढून बसले.

"मला दिसत नाही. तू सांग."

तिने मशीन सोडले आणि स्टूल घेऊन बसली. "एक आली. ही जाडी, हावरट आहे. प्यायला बसली की उठत नाही. दुसरी तिला ढकलतेय. अहो, भांडतात की काय?"

"राणी?"

"तिला भरवतायत. आणि मामंजी, तिच्या पायाशी पांढरं काहीतरी आहे. साखरेच्या दाण्याहून बारीक. ढीग आहे चांगला."

"अंडी!" म्हाताऱ्याने मांडीवर थाप मारली. "नीट बघ, किती मोठा ढीग? कोण राखतंय?"

तेवढ्यात दारात एक बाई डोकावली. "टेलरबाई, माझा ब्लाऊज झाला का?"

टेलरबाई चपापून उठू लागली, पण घड्याळजींनी तिचा हात धरून खाली बसवले आणि दाराकडे तोंड करून खणखणीत आवाजात म्हणाले, "जरा दम धरा बाई, आमच्याकडे जेवणं चालली आहेत."