परतखोल आणि ताईची जीप

कारखान्यात त्याला परतखोल म्हणत. जोडलेलं काम मनाला पटलं नाही की हा म्हणणार, "परत खोल." सोबतचे कपाळावर हात मारून घ्यायचे. नोकरी संपली, नाव राहिलं. फक्त थोरली बहीण, ताई, त्याला अजून बारक्या म्हणायची, तो आजोबा झाला तरी.

ताई जीप चालवायची. डोंगरावरच्या घरांना गॅसच्या टाक्या पोचवायची. नवरा गेल्यावर तिने स्टिअरिंग धरलं ते सोडलं नाही. पुढे कानांनी साथ सोडली; ती ओठ वाचायला शिकली, तिचं काही अडलं नाही. कोरड्या ओढ्यात मात्र अडलं. मागचं एक चाक खड्ड्यावर हवेत लटकून गरगरत राहिलं, जमिनीवरचं ढिम्म हलेना. शेवटी ट्रॅक्टरने ओढून काढावी लागली.

मुलगा म्हणाला, "आई, पुरे आता. गाडी विकू."

"चाकाने दगा दिला, मी नाही," ताई म्हणाली.

घरात बरंच वाजलं. मग ठरलं: भरल्या गाडीने तोच ओढा कुणाच्या मदतीशिवाय पार केला, तर जीप तिची. अडकली, तर किल्ली मुलाच्या हातात.

परतखोलने लॉकर मागवला. इंजिनाचा जोर दोन चाकांना वाटून देणाऱ्या साध्या डिफरन्शियलमध्ये एक चाक सुटलं की तेच फुकट फिरत बसतं. लॉकरचं बटण दाबलं की दोन्ही चाकं एकमेकांना बांधली जातात. फिरायचं तर दोघांनी.

मागचा अॅक्सल उघडला. तेल काढलं. बेअरिंगच्या टोप्यांवर पंचने खुणा केल्या, डावी डावीकडेच बसावी म्हणून. मोठं दातेरी चाक नव्या लॉकरवर चढवून बोल्ट समोरासमोरचे आवळत नेले. लॉकर हवेच्या दाबाने चालायचा; त्या हवेची बारीक नळी दातांपासून लांब वळवली. भाचा हाताखाली होता. हात कमी, तोंड जास्त.

मग दातांना पिवळा रंग लावून चाक फिरवलं. रंगाचा ठसा दाताच्या मध्यावर उमटायला हवा. तो बाहेरच्या टोकाकडे होता. थोडासाच.

भाच्याने त्याचा चेहरा पाहिला. "मामा, ते दोन शब्द काढूच नकोस."

"परत खोल."

"अरे, चालतंय की! फार तर घूं घूं करेल. आणि आईला कुठे ऐकू येतंय?"

"म्हणूनच." परतखोलने हात पुसले. "गिअर मरायच्या आधी ओरडतो. ऐकणारा गाडी थांबवतो. तुझी आई काय ऐकून थांबणार?"

भाच्याने पाना उचलला.

सगळं पुन्हा उतरवलं. बेअरिंग पुलरने ओढून काढल्या, दातेरी चाक केसभर सरकावं म्हणून एका बाजूची पातळ चकती दुसऱ्या बाजूला घातली, सगळं पुन्हा चढवलं. खांदे भरून आले. ठसा मध्यावर आला.

ताई दारात येऊन उभी. "झालं, का अजून एकदा खोलायचंय?"

"बस गाडीत," तो म्हणाला.

ओढ्यापाशी दोघं जीपमधून उतरले. भाचा पलीकडच्या काठावर गेला. परतखोल अलीकडेच थांबला. ताईने मुद्दाम त्याच खड्ड्यात गाडी घातली. चाक लटकलं, गरगरलं.

"ताई, बटण!" तो ओरडला. ते तिच्यापर्यंत कुठलं पोचायला!

तिने सावकाश अॅक्सिलरेटर सोडला. चाक थांबू दिलं. मगच बटण दाबलं. खट् झालेलं परतखोलने ऐकलं; ताईला ते गिअरच्या दांड्यावरच्या तळव्यात कळलं असावं, कारण तिने मान हलवली. दोन्ही चाकं एकदम फिरली. टाक्या खडखडल्या आणि जीप चढ चढून वर गेली.

भाच्याने खिडकीपाशी हात पुढे केला.

"किल्ली मिळायची नाही!" ताई कडाडली.

"किल्ली नको गं! उतर, हात देतोय!"

"उतरू कशाला? टाक्या तुझा मामा पोचवणार?"

बटण बंद करून ती वळणाआड गेली. परतखोल कान देऊन उभा राहिला. इंजिनाच्या आवाजाखाली घूं घूं नव्हती. आवाज पार विरल्यावर त्याच्या ध्यानात आलं की आपण ओढ्याच्या अलीकडे राहिलो, जीप पलीकडे गेली, आणि घरी चालत जायचंय.